गोरेगावच्या जीपमधून नैरोबीला

गोरेगाव, ता. सेनगाव
मंगळवार

प्रिय अफशीन,

तुला सलाम, शाकीरभाईंना जयभीम, तुझ्या सासूबाई जैनबबी खालांना आदाब आणि आलियाला दोन्ही गालांवर एकेक पापा. खालांचे गुडघे आता जिना चढू देत असतील, आलिया भिंती सोडून कागदावर रेघोट्या मारायला लागली असेल आणि वसमतच्या उन्हानं तुझं डोकं दुखायचं थांबलं असेल, अशी आशा करते. आमच्याकडं सगळे बरे आहेत. नवरोबा भीमराज सेनगावच्या दवाखान्यात लोकांचं रक्त तपासून राहिलाय, सासूबाईंचा दमा आटोक्यात आहे आणि माझे सासरे ग्यानोबामामा रोज सकाळी मला तलाठ्याच्या परीक्षेची आठवण करून देतात, म्हणजे त्यांचीही तब्येत ठणठणीत आहे.

पत्र काहून, फोन का नाही, असं तू विचारशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. आणि माझे आवाजी निरोप तू दुप्पट वेगानं ऐकतेस हे मला शाकीरभाईंनीच सांगितलंय. (त्यांना रागावू नकोस. त्यांना वाटलं मी तुझं कौतुक करेन.) पत्र दुप्पट वेगानं वाचलंस तरी निदान माझा आवाज कोंबडीसारखा होणार नाही.

तर गोष्ट अशी. माझी पीएच.डी. गोरेगाव, सेनगाव आणि हिंगोलीच्या दरम्यान चालणाऱ्या जीपगाड्यांवर आहे हे तुला माहीतच आहे. वसतिगृहात सगळ्यांत जास्त तूच हसली होतीस. कोण कुठून चढतं, कोण कुठं उतरतं, बाळंतपणाला निघालेली बाई कुठल्या गाडीत बसते आणि कुठली सोडून देते, हा सगळा भूगोलच आहे असं मी छातीठोक सांगायचे. पण पदवी हातात आली आणि छाती बसली. कॉलेजात तासावरची नोकरी, पुढच्या वर्षी तास मिळतील की नाही याचा पत्ता नाही, आणि ज्या मासिकाला लेख पाठवावा तिथून नकार. ग्यानोबामामा काही वाईट मनानं बोलत नाहीत. ते एवढंच म्हणतात, "पोरी, तलाठ्यालाबी नकाशे असतेत की." मीही मनाशी ठरवून टाकलं होतं, अजून एक वर्ष बघायचं, नाहीतर तलाठ्याचे नकाशे.

त्याच सुमारास मला एक आंतरराष्ट्रीय मंडळ सापडलं. माझ्यासारख्या नव्यानं भूगोलात पडलेल्या लोकांना ते दुसऱ्या देशातला एक जुना, मुरलेला भूगोलवाला जोडून देतात. त्याला मेंटॉर म्हणतात. महिन्यातून एकदा व्हिडिओवर बोलायचं, लिहिलेलं दाखवायचं, अडलेलं विचारायचं, आणि फी-बी काही नाही. मला मिळाल्या केनियातल्या नैरोबीच्या डॉ. वांजिरू. त्यांचं सगळं आयुष्य तिकडच्या मटाटू नावाच्या गाड्यांवर गेलंय. मटाटू म्हणजे आपल्या तातेरावच्या जीपची सख्खी चुलत बहीण. तीही भरल्याशिवाय हलत नाही.

माझा नाकारलेला लेख मी त्यांना भीत भीत पाठवला. त्यांनी तो सगळा वाचला (ही गोष्ट आपल्या गाइडच्या बाबतीत कधी घडलेली तुला आठवते का) आणि म्हणाल्या, यात फ्रान्समधले, इंग्लंडमधले सगळे विद्वान आहेत, फक्त तू नाहीस. तू स्वतः जीपमध्ये कुठं बसतेस? मी म्हटलं, मधल्या बाकावर, दोन बायांच्या मधोमध, कारण पुढची सीट गुरुजी, पाटील आणि ड्रायव्हरच्या मेहुण्यांसाठी असते, आणि मागं गुडघे मोडतात. त्या म्हणाल्या, मग तिथूनच लिही. अफशीन, एवढं साधं वाक्य मला इतक्या वर्षांत कुणी ऐकवलं नव्हतं. मी सगळा लेख मधल्या बाकावरून पुन्हा लिहून काढला.

इथपर्यंत सगळं बराबर होतं. घोटाळा शब्दानं केला. मेंटॉर हा शब्द सासूबाईंच्या कानात गेला आणि केशरबाईंच्या तोंडातून बाहेर पडला तेव्हा तो मेंटल झाला होता. (केशरबाई म्हणजे आमच्या शेजारच्या. म्हशी दोन, माया चार म्हशींची.) त्यातून मी दार लावून बोलायची, बोलून झाल्यावर कधी डोळे पुसत बाहेर यायची, कधी उगाच हसत यायची, आणि पलीकडच्या बाई डॉक्टर. आठ दिवसांत गल्लीला समजलं की ग्यानोबाच्या सुनेला डोक्याचा काहीतरी त्रास आहे, इथल्यांच्या आवाक्यातला नाही, म्हणून परदेशी डॉक्टरीण फोनवर उपचार करून राहिली. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. केशरबाई रोज तांब्याभर दूध आणून ठेवायला लागल्या तेव्हा मला वाटलं, माझ्या पदवीचा मान आहे.

आता मुख्य प्रसंग. मंडळाची मोठी ऑनलाइन परिषद होती. त्यात नव्या लोकांनी आपापलं काम थोडक्यात मांडायचं, आणि ज्यांचं काम पसंत पडेल त्यांना तीन महिने मेंटॉरच्या विद्यापीठात जाऊन काम करता येणार होतं. वांजिरूबाईंनी माझ्याकडून तालीम करून घेतली. मी दर वाक्याला सॉरी म्हणते हे त्यांनीच मला दाखवून दिलं. घरी नेट धड चालत नाही म्हणून मी हिंगोलीला एका मैत्रिणीच्या कॉम्प्युटर क्लासमधून बोलायचं ठरवलं होतं. दुपारी माझी पाळी. एस.टी. आली नाही. मग तातेरावची जीप.

तातेरावला मी हात जोडून सांगितलं, आज लवकर काढा, माझं जगभरच्या लोकांपुढं भाषण आहे. तो म्हणाला, "काढतो की म्याडम, दोन शिटं बाकी हायेत." ती दोन शिटं चहा पिऊन, पान खाऊन, एकमेकांची विचारपूस करून आली. निघालो. अर्ध्या वाटेवर जीपच्या बॉनेटमधून वाफ यायला लागली आणि तातेरावनं गाडी लिंबाखाली घेतली. इंजिन तापलं होतं. बाटलीतलं पाणी त्यानं येताना तोंड धुवायला वापरलं होतं. जवळच्या शेतातल्या आखाड्यावरून पाणी आणायला तो गेला आणि माझ्या फोनवर निरोप आला, यानंतर तुमची पाळी.

सगळी चित्रं, नकाशे लॅपटॉपमध्ये, आणि तिथली रेंज जेमतेम फोनपुरती. इअरफोन घरी. (ग्यानोबामामा भीमगीतं ऐकत होते, त्यांच्या कानातून काढवले नाहीत.) मग मी फोन स्पीकरवर लावला, सीटच्या पाठीला टेकवला आणि जीपमधल्या सगळ्यांना म्हटलं, मला नैरोबीच्या डॉक्टरांशी बोलायचंय, जरा शांत राहता का. अफशीन, त्या जीपमध्ये पंधरा माणसं आणि एक कोंबडी होती. सगळे असे गप्प झाले की मला वाटलं भूगोलाला अखेर मान मिळाला. केशरबाईही त्यात होत्या, लेकीकडं निघालेल्या. त्यांनी कोंबडीची चोच हातानं धरून ठेवली.

मी सुरू केलं. पहिली काही वाक्यं चांगली गेली. सॉरी एकदाच म्हटलं. मग पडद्यावरचे सगळे चेहरे थिजले आणि फोन बंद. मी पुन्हा लावला, लागेना. पाण्याची घागर घेऊन आलेला तातेराव म्हणाला, "टपावर चढा, तिथं रेंज येती." मी चढले. पंजाबी ड्रेस, खाली दोन बायांनी पाय धरलेले, वर कुणाचं तरी कांद्याचं पोतं. त्या पोत्यावर बसून फोन लागेपर्यंत माझ्या मनात जे चाललं होतं ते लिहीत नाही. एवढंच सांगते की तलाठ्याचा अभ्यासक्रम मला कलमवार आठवायला लागला होता.

फोन लागला तेव्हा वांजिरूबाई बोलत होत्या. मंडळाचे अध्यक्ष पुढच्याला बोलवायला निघाले होते, आणि बाईंनी त्यांना थांबवून, आमची मुलगी परत येतेय, तोवर मी तुम्हाला एक गोष्ट सांगते, म्हणून स्वतःच्या पहिल्या परिषदेत त्या कशा व्यासपीठावरून पडल्या ते सांगायला घेतलं होतं. माझा चेहरा दिसल्याबरोबर त्यांनी ती गोष्ट अर्ध्यात सोडली आणि म्हणाल्या, ती बघा आली. अजूनपर्यंत मला कळलेलं नाही त्या पडल्यावर पुढं काय झालं.

मग मी टपावरूनच सगळं बोलले. नकाशे नव्हते, म्हणून हातानं दाखवलं, गोरेगाव तिकडं, हिंगोली इकडं, दवाखाना त्या बाजूला, आणि मधल्या बाकावर बसलेल्या बाईला कुठं उतरायचं ते ठरवायचा हक्क कसा नाही. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मला भीती वाटायची थांबलीय.

खाली उतरले, नशिबानं रेंज टिकली आणि प्रश्नोत्तरं सुरू झाली. ब्राझीलच्या एका पोरानं विचारलं, तुमच्या संशोधनाबद्दल या प्रवाशांना काय वाटतं? प्रश्न रास्त होता. मी फोन जीपमधल्या मंडळींकडं वळवला, आणि मी काही समजावून सांगायच्या आत केशरबाईंनी तो हातातून घेतला. पडद्यात तोंड घालून त्या वांजिरूबाईंना म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, पोरगी लई गुणाची हाय. वाचून वाचून डोस्क्याला तकलीफ करून घेतली तिनं. आमी समदे हावोत तिच्या मागं. बरी व्हईल का?"

वांजिरूबाईंना मराठी येत नाही. पण त्यांनी केशरबाईंकडं टक लावून बघितलं, छातीवर हात ठेवला आणि मान हलवत म्हणाल्या, येस, येस.

केशरबाईंनी वळून सगळ्यांना सांगितलं, "व्हय म्हणल्या." सगळ्या जीपनं श्वास सोडला. कुणीतरी पदरानं डोळे पुसले. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला की ही शांतता कशाची होती आणि ते दूध कशाचं होतं.

मी फोन बंद केला. मला पक्कं वाटलं, संपलं. पुढं हिंगोलीपर्यंत मी तोंड शिवून बसले, आणि त्यामुळं तर लोकांची खात्रीच पटली. तातेरावनं पुढच्या सीटवरच्या गुरुजींना उठवून मला तिथं बसवलं, वारा लागावा म्हणून. माझ्या प्रबंधात एक अख्खं प्रकरण आहे की या मार्गावर पुढची सीट बाईला मिळत नाही. आता त्याला तळटीप द्यावी लागणार.

दोन आठवडे मी मेल उघडायला घाबरत होते. काल उघडला. अफशीन, मला घेतलंय. थंडीत तीन महिने नैरोबी. मी चुलीपुढंच खाली बसले आणि रडले, आणि सासूबाईंनी धावत जाऊन केशरबाईंना बोलावलं. निकालाखाली वांजिरूबाईंनी वेगळं लिहिलं होतं: त्या बाईंनी मला काय विचारलं ते कृपा करून भाषांतर करून पाठव, आम्ही इथं त्यावर वाद घालतोय, अध्यक्षांच्या मते तो गाडीभाड्याबद्दलचा प्रश्न होता. मी खरं काय ते लिहून कळवलं, शब्द न शब्द. लगेच उत्तर आलं. त्या खूप हसल्या म्हणे, नंतर हसायच्या थांबल्या, आणि पुढं एकच ओळ होती: माझं उत्तर तेच आहे, बदलू नकोस.

ग्यानोबामामांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, तिकडं जीपमध्ये बाया कुठं बसतेत. मी म्हटलं, तेच बघायला चालले. ते म्हणाले, "बघ मंग नीट," आणि परीक्षेचं पुस्तक त्यांनी स्वतःच उचलून माळ्यावर ठेवलं.

सगळ्यांना माझा नमस्कार सांग. आलियाला म्हणावं, मावशी येताना जिराफाचं चित्र आणेल.

तुझी,
राणी

ता. क. गल्लीतला गैरसमज मी अजून दूर केलेला नाही. करणार होते. पण दुपारी मला कुणी भांडी घासायला लावत नाही, आणि दूध चांगलं घट्ट असतं. भीमराजही म्हणतो, एवढ्यात घाई कशाला.

आणखी ता. क. आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. मंडळाचा नियम आहे की ज्याला हात मिळाला त्यानं पुढं एका नव्या माणसाला हात द्यायचा. माणूस निवडायची मुभा होती. मी तुझं नाव दिलंय. वसमतच्या हळद बाजारातल्या बायांवरचं तुझं काम आलियाच्या वेळी थांबलं ते थांबलंच, आणि तू तो विषय काढू देत नाहीस, म्हणून तर फोन केला नाही. येत्या रविवारी दुपारी आपली पहिली बैठक आहे. मला मेंटॉर म्हणून काय करायचं असतं ते नीट माहीत नाही, पण तू लिहिलेलं सगळं मी वाचेन, हे नक्की.

शेवटचं. आलियाला कोण सांभाळणार, हे कारण देऊ नकोस. जैनबबी खालांशी माझं कालच बोलणं झालं. त्या म्हणाल्या, "रविवार को मैं छोरी को लेके बाहर बैठती. वो कागदाँ पलंग के नीचे हैं, झाडू मारते वखत मैं हर बार उठाती, धूल झटकती, फिर वइच रख देती." तुला नाही म्हणायचं असेल तर मला कळवू नकोस, खालांना सांग.