मोठीच्या झाडाची पानं

गुरुवार, १९ ऑक्टोबर
दुपार

चि. गुंड्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. पाकिटावर तुझं पूर्ण नाव घातलं आहे, आत मात्र गुंड्याच. जहाजावर माणसं तुला साहेब म्हणत असतील, पण माझ्या हाताला दुसरं वळण नाही.

सकाळपासून एक जुना आवाज कानात बसला आहे. आमच्या शाळेत पाचवीच्या दोन तुकड्यांमध्ये भिंत नव्हती, प्लायवूडचं पार्टिशन होतं. अलीकडे मी कविता शिकवायचो. पलीकडे गणिताचे मास्तर टेबलावर डस्टर आपटून पाढे घ्यायचे. धप्प, सात एके सात. धप्प, सात दुणे चौदा. माझी मुलं ओढ्याची कविता त्याच ठेक्यावर म्हणायला लागायची आणि ओढा बिचारा डोंगरावरून कवायत करत उतरायचा. मी चिडून पार्टिशनवर एक थाप मारायचो, ते पलीकडून दोन मारायचे. तेव्हा त्यांचा फार राग यायचा. आता वाटतं, तेवढा एक माणूस आज पलीकडे असता तर!

इकडे सर्व ठीक. तुझ्या धाकटीचा पुढचा दात पडला. हसली की खिडकी उघडी राहिल्यासारखी दिसते. मोठीचा ताप उतरला. स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर बदलला, गळायचं तेवढं गळतंच आहे. माझा गुडघाही तसाच.

मोठीच्या गणिताबद्दल लिहायला बसलो होतो.

तुझी अट मी विसरलेलो नाही. सूनबाई गेल्यावर मोठी शाळेच्या फाटकापाशी पोचली की उलटी करायची, आणि धाकटी तिच्याशिवाय पाऊल टाकेना. तेव्हा तू म्हणालास, "अप्पा, वर्षभर राहू देत घरी. भाषेला तुम्ही आहात. पण गणित मागं पडलं तर दोघींना हॉस्टेलच्या शाळेत घालीन." मी हो म्हणालो. दोघी या घरात राहाव्यात म्हणून मी तेव्हा कशालाही हो म्हणालो असतो.

गणिताचा अभ्यासक्रम निवडला मीच. फुकटातले तीन होते. वाचनालयातल्या बाईंनी तिन्ही संगणकावर उघडून दाखवले. पहिल्यात घड्याळ टिकटिकत होतं, मुलाला वेळ संपल्याचा भोंगा ऐकवत होतं. तो मी लगेच बंद करायला लावला. दुसरा म्हणजे नुसत्या छापायच्या कागदांची चळत. वर लिहिलेलं: मुलानं हातानं सोडवावं, मोठ्यानं शेजारी बसून तपासावं, चुकलं तर मागच्या पानावर जावं. ना चित्र ना गाणं.

तिसऱ्यात एका बाईंचा आवाज होता. काय सांगू! अपूर्णांक समजावताना जणू संध्याकाळचं वर्णन करत होत्या. शिवाय प्रत्येक मुलाचं एक झाड. धडा जमला की हिरवं पान फुटतं, राहिला की पिवळं पडतं.

वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, "मास्तर, दुसरा घ्या. इतका कंटाळवाणा आहे म्हणजे चांगला असणार."

मी म्हणालो, "बाई, झाडाला पानं फुटतात हो!"

"झाडाला फुटतात. मुलीला काय?"

हसण्यावारी नेलं मी ते. आयुष्यभर मी माणसं आवाजावरून निवडत आलो, अभ्यासक्रमही तसाच निवडला.

दहातली आठ उत्तरं बरोबर आली तरच पुढचा धडा उघडतो. मोठीची चार यायची, फार तर पाच. तिसऱ्या आठवड्यात झाड पिवळं झालं आणि तुझा निरोप आला: "अप्पा, रिपोर्ट पाहिला. पानं पिवळी दिसतायत. जमत नसेल तर सांगा, हॉस्टेलमध्ये दोन जागा आहेत." त्या दिवशी मुली झोपाळ्यावर खेळायला गेल्या होत्या. मी सहज मोठीचा धडा उघडला. नुसतं बघावं म्हणून.

गुंड्या, तेव्हापासूनची सगळी हिरवी पानं माझी आहेत.

एका वाक्यात लिहून टाकलं, कारण दुसऱ्या वाक्यापर्यंत धीर पुरला नसता. सात महिने झाले. तुझे "शाब्बास मोठी" असे निरोप आले, ते मी तिला वाचून दाखवले. ती मान खाली घालून ऐकायची. मला वाटायचं, लाजते आहे.

आणि एवढ्यावरच थांबत नाही. सुरुवात मुलींसाठी केली हे खरं, पण पुढं पुढं मला ते आवडायला लागलं. शाळेत असताना मी गणितात दोनदा नापास झालो होतो. आता छेद समान करायला शिकलो, दशांश चिन्ह कुठं बसतं ते कळलं. उत्तर बरोबर आलं की त्या धड्यातल्या आवाजाच्या बाई म्हणायच्या, "वा, छान! तुला जमलं." तुझी आई गेल्यापासून मला असं कोणी म्हटलेलं नाही. शहात्तराव्या वर्षी मी नातीच्या नावानं कौतुक खात बसलो होतो.

हे बाहेर काढलं धाकटीनं. परवा जेवताना म्हणाली, "ताई, तू झाड रंगवत नाहीस. अप्पा रंगवतात. मी बघितलंय."

मी म्हणालो, "मी आपला धूळ पुसत होतो."

मोठी म्हणाली, "मला माहीत आहे, अप्पा. कधीपासूनच."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही खूश दिसायचा." मग ताटाकडे बघत म्हणाली, "पण त्या अभ्यासक्रमाला वाटतं, मला येतं. म्हणून तो रोज पुढचं विचारतो. मला मागचंच येत नाही. मला वाटलं मी ढ आहे."

मी काहीतरी सुंदर बोलायला लागलो. कळी आपल्या वेळेला उमलते, अशासारखं. ती म्हणाली, "कविता नको ना आत्ता."

काल वाचनालयात जाऊन तो कागदांचा गठ्ठा छापून आणला. बाईंनी पानं जुळवून हातात ठेवली. चौथीच्या पानापासून सुरू केलं, तिथून तिसरीच्या पानावर आलो. चारशे दोन वजा एकशे अठ्ठ्याहत्तर. तिनं उत्तर काढलं तीनशे शहात्तर. दर घरात मोठ्या आकड्यातून लहान आकडा काढायचा, वर असो की खाली, हे तिनं घट्ट धरून ठेवलं आहे. कुणी शेजारी बसून बघितलंच नाही तर ते सुटणार कसं? मी म्हटलं, "दोनातून आठ जात नाहीत, तेव्हा शेजारच्या घरातून घ्यायचं."

"शेजारी शून्य आहे. त्याच्याकडं काही नाहीच, तर ते देणार काय?"

धडे मी सोडवले, पण त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. अकरा वर्षांची मुलगी कागदावर डोकं टेकून बसली. रडली नाही. रडली असती तर मला काही करता आलं असतं.

जुलैत सांगितलं असतं तर कदाचित भरून निघालं असतं. आता वर्ष संपत आलं. या अवस्थेत हॉस्टेलच्या शाळेत गेली तर तिला तिसरीतल्या मुलांत बसवतील, आणि घरी ठेवली तर माझ्यासारख्याच्या हाती राहील. दोन्हींतलं काय बरं, ते मला ठरवता येत नाही. तू ठरव. एवढंच मागतो, तिला बोलू नकोस. आणि धाकटीला तिच्यापासून वेगळं करू नकोस. हे पत्र पुढच्या बंदरावर तुला मिळेल असं कंपनीच्या कचेरीतला कारकून म्हणाला, तोवर

बेल वाजली.

धाकटी खिडकीतून बघून ओरडली, "अप्पा, आजी आली! केवढ्या मोठ्या बॅगा! दोन!"

तुझ्या सासूबाई. सूनबाईंच्या तेराव्यानंतर त्यांनी या घराची पायरी चढलेली नाही. बॅगा हातात अशा हलताहेत की आत काही नाही हे इथून दिसतं.

मोठी टेबलापाशी आली आहे. केस विंचरलेले, पायात बूट. म्हणते, "रविवारी मीच बाबांना सगळं कळवलं. त्या अभ्यासक्रमात पालकांना लिहायचा चौकोन असतो, त्यात. मला घेऊन जा म्हटलं. रागावलात?"

म्हणजे तुला आधीच कळलं आहे, तिला येत नाही हे तर माझ्याही आधी कळलं, आणि सासूबाईंना तूच पाठवलंस. मी नाही म्हणालो. रागावलो नाही, हे तिला पटलं की नाही कोण जाणे.

बेल दुसऱ्यांदा वाजली. ती दाराकडे जात नाही, माझ्याकडे बघत उभी आहे. दार मीच उघडावं असं तिचं म्हणणं दिसतं. पत्र सासूबाईंच्या हाती देतो, त्या तुला पोचवतील, तिकीट लावत नाही. मोठीला रात्री उजेड लागतो, तेवढं त्यांना सांग. माझ्या तोंडून निघणार नाही.

जातो.

तुझा,
अप्पा