पट्टा न कापण्याबाबत व त्याची टोके ओली ठेवण्याबाबत

दिनांक : १४ ऑगस्ट

प्रति,
मा. अधिकारी,
जप्त वस्तू भांडार,
नगर कार्यालय

विषय : 'तुलुके' कलावंत मंडळाचा विणलेला पट्टा अखंड ठेवण्याबाबत.
संदर्भ : जप्ती पावती क्र. ३१८, दि. २२ जुलै, आपला आदेश, दि. ११ ऑगस्ट.

महोदय,

अर्जदार, राहणार नामुवोंगो, कंपाला, सविनय कळवते की, गटार रुंदीकरणात आमच्या मंडळाची शेड पाडली गेली. त्याबद्दल तक्रार नाही. मात्र शेडमधील ताडपानांच्या चटईचा पट्टा 'रस्त्यातील अडथळा' म्हणून आपल्याकडे जमा आहे. तो अकरा वर्षे विणला जात आहे. गंडा, अचोली, नुबी जमातींच्या, काँगोहून आलेल्या, अशा त्रेचाळीस बायकांनी आपापल्या गावच्या नक्षीत, आधीच्या बाईच्या मोकळ्या टोकांत आपली पाने गुंफून तो वाढवला. मध्ये कुठे गाठ नाही की शिवण नाही.

आपल्या लिपिकांनी एकेकीला अर्ज देऊन विचारले, "यातलं तुमचं काय?" आमच्यात दुसरीच्या विणीला आपली म्हणत नाहीत. म्हणून सर्वांनी खरे तेच लिहिले : कुणी दोन हात लाल, कुणी हातभर जांभळे. मंडळाच्या प्रमुख नालोंगो यांनीही "सुरुवातीचं वाकडंतिकडं ते माझं" एवढेच लिहिले. सगळा पट्टा कुणीच मागितला नाही. त्यावरून येत्या शुक्रवारी त्याचे त्रेचाळीस तुकडे करून जिचा तिला देण्याचा आदेश निघाला. वाटणी चोख आहे, महोदय. पण कापल्यावर प्रत्येक तुकडा दोन्हीकडून उसवेल आणि आमच्या हाती नुसती पाने येतील.

शेवटची वीण माझ्या आईची, अचिरोची. ती ओळ पुरी करून कधीच उठत नसे. नालोंगो चिडवायच्या, "अगं ए, तेवढी ओळ तरी संपव! का तीही मीच संपवू?" आई म्हणायची, "संपवली तर उद्या कशाला येऊ? तुझं तोंड बघायला?" ३ जुलैला ती तशीच उठली. दुसऱ्या दिवशी आली नाही. पहाटेच गेली होती.

आईच्या टोकांपासून लेकीनेच पुढे विणायचे, असा रिवाज आहे. मी ओली बाळंतीण, म्हणून थांबले. एवढीच माझी चूक. तोवर नालोंगो रोज सकाळी टोकांवर पाणी शिंपडत. वाळली की ती मोडतात. आपल्या भांडारावर पत्रा आहे, तो दिवसभर तापतो.

आईच्या नावच्या अर्जात मी लिहिले होते, "माझे काही नाही, आईची टोके आहेत." लिपिकांनी 'काही नाही' याखाली रेघ ओढली.

तरी विनंती की, पट्टा कोणा एकीच्या नावे द्यावा. नियमात बसत नसेल तर कायमचा आपल्याकडेच ठेवावा, आम्ही मागणार नाही. फक्त कापू नये. आणि मला बाळाला पाठीशी बांधून दर मंगळवारी तासभर तिथे विणत बसू द्यावे. लिपिक म्हणाले, "तासाभरात ओळ पुरी होईल, मग विषय मिटला." महोदय, ती पुरी होणार नाही. मी आईचीच लेक आहे.

आपली नम्र,
लायेत, अचिरोची मुलगी

सोबत :
१) जप्ती पावतीची प्रत.
२) सर्व बायकांच्या सह्या व अंगठे, या वेळी एकाच कागदावर.
३) ओले फडके, एक, पिशवीत. अर्ज वाचण्याआधी टोकांवर ठेवावे.