हिरवट रंगवलेल्या बोटीबाबत

मी, खाली सही करणार, वय सत्तावन्न, व्यवसाय युद्धकाळातील मालवाहू व लढाऊ बोटींचे मूळ रंग शोधणे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाविना (पत्नी शेजारच्याच खुर्चीत बसली आहे, तरीही) लिहून ठेवतो की:

१. राहते घर व बँकेतील शिल्लक पत्नीची. ती दोन्ही आपलीच मानत आल्याने ताबा देण्याची तसदी पडू नये.

२. रंगपट्ट्यांची पाकिटे, भिंग आणि खरवडण्याची पाती मुलीस. "बाबा, सगळे राखाडीच तर आहेत!" असे म्हणण्याचा तिचा हक्क अबाधित राहील, मात्र संस्कृतात धूसर, धूम्र आणि कपोत हे तीन निरनिराळे शब्द आहेत, एवढे तिने पाठ करावे.

३. कोपऱ्यावरच्या रंगाच्या दुकानदारास काहीही नाही. नौदलाच्या राखाडीचा नमुना दाखवला असता त्याने "स्वयंपाकघराला का?" असे विचारले होते.

४. संग्रहालयाच्या गोदीतील मालवाहू बोटीचा, नखाएवढा, मूळ रंगाचा पोपडा माझ्या मेहुण्यास. त्याची हयात बोटींचे रंग तयार करण्यात गेली. नऊ वर्षांपूर्वी संग्रहालयाच्या भर बैठकीत तो म्हणाला, "भावजी, बोट निळसर होती. तुम्ही तिला शेवाळ फासताय." मी म्हणालो, "आपण रंग ढवळावा, अभ्यास आमच्यावर सोडावा." तेव्हापासून त्याने आमचा उंबरा ओलांडलेला नाही, बहीण-भाऊ बाहेरच भेटतात.

गेल्या महिन्यात पत्नीने कपाट आवरताना पोपड्याची डबी खिडकीत उघडी ठेवली. तीन आठवड्यांत पोपडा निळसर! जवसाच्या तेलातला रंग अंधारात पिवळा पडतो (म्हणून निळसर तो हिरवट दिसतो), उजेडात निवळतो. मी तो जिवापाड जपायचा म्हणून वर्षानुवर्षे मखमलीत, काळोखात निजवला आणि मग त्याच्याबरहुकूम बोट रंगवून घेतली. सोमवारी ती पुन्हा रंगणार, माझ्याच अहवालाप्रमाणे. सबब, मेहुण्याचेच बरोबर होते हे माझ्या पश्चात जाहीर करावे.

इथवर वाचून पत्नी म्हणाली, "पश्चात? म्हणजे तुम्ही जाईपर्यंत बोट हिरवी आणि माझा भाऊ दाराबाहेर?"

"मृत्युपत्रात खाडाखोड शोभत नाही गं."

"नका करू. साक्षीला त्यालाच बोलावते."

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे आमच्या वकीलबाई सांगतात. म्हणून कलम चार रद्द. बहिणीने बोलावताच तो आला. पोपडा आजच त्याच्या हातात दिला, माफी मागून. अहवालातली दुरुस्ती त्याच्यादेखत संग्रहालयाला कळवली.

त्याने पोपडा खिडकीशी धरला. उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाला, "भावजी, निळसर म्हणालो होतो खरा. पण इतकाही निळा नव्हता हं."

पुढील वाद जेवताना होईल. पत्नीने तिसरे ताट मांडले आहे, सबब हे लिखाण इथेच पुरे करतो.

स्थळ: आमचे जेवणाचे टेबल
दिनांक: रंगकामाआधीचा शनिवार

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार:
१. पत्नीचा भाऊ (सही, शाई स्वतः निवडली)
२. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टर (सही)