कव्हरखालची तारीख

मी, खाली सही करणारा, वय सदुसष्ट, धंदा जुने फोन दुरुस्त करून विकणे, हे पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. अक्षर वाकडं येतं, डोकं सरळ आहे. मला कुणी दटावलेलं नाही की पढवलेलं नाही. याआधीची तीन मृत्युपत्रं मीच फाडली. उद्या सकाळी छातीचं ऑपरेशन आहे, त्यामुळे चौथं फाडायला सवड नाही.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक बायकोची. "आता आमच्याकडे चला" म्हणून तिला कुणी उठवू नये. जायचं तर ती आपणहून जाईल. माझं तरी तिनं कधी ऐकलंय?

२. दुरुस्तीची सगळी हत्यारं लेकीला. दुरुस्तीच्या टेबलावर तीच बसते. पिवळा बारका स्क्रू ड्रायव्हर माझ्या मेहुण्यानं मागितला तरी देऊ नये. आधीचा त्यानं रंगाचा डबा उघडायला वापरला.

३. हे कलम टॅक्सीवाल्यानं लिहायला लावलं. त्याशिवाय साक्षीदार म्हणून सही करणार नाही म्हणाला. नऊ वर्षांपूर्वी मी त्याला जुना फोन विकला. "पाच वर्षं बघायला नको," असं छातीठोकपणे सांगितलं. कंपनी त्या मॉडेलचे अपडेट सात महिन्यांत बंद करणार, हे मला ठाऊक होतं. मी गप्प बसलो. पुढं त्याला भाडी मिळवून देणारं ॲप त्या फोनवर उघडेना. दीड महिना गाडी दारात उभी. त्यानं फोन काउंटरवर ठेवला. "काका, काच फुटली नाही, बॅटरी उतरली नाही. मग हा मेला कशानं?" तेव्हापासून प्रत्येक जुन्या फोनच्या कव्हरखाली, अपडेट कुठल्या महिन्यापर्यंत येणार, याची चिठ्ठी चिकटवतो.

४. दुकान. काउंटरवर बसणारा माझा थोरला मुलगा त्या चिठ्ठ्या स्पिरिटनं काढतो. बाटलीचं झाकण फिरलेलं मला माळ्यावर ऐकू येतं.
"बाबा, तारीख वाचली की गिऱ्हाईक उठतं."
"उठू दे."
"मग विकू काय, तुमचा पश्चात्ताप?"
जिभेनं माझ्यावर गेलाय. दुकान लेकीला.

५. हे आत्ता वाढवतोय. पेन खाली ठेवलं आणि खालून थोरल्याचा आवाज आला. एका नर्सबाईंना सांगत होता, "ताई, हा नका घेऊ. दिसतो नवा, पण अपडेट फेब्रुवारीपर्यंतच. शेजारचा घ्या, त्याला तीन वर्षं आहेत." मी उठलो, बसलो, पुन्हा उठलो. मी ऐकतोय हे त्याला माहीत होतं का? विचारून उपयोग नाही. तो "नाही" म्हणेल आणि मला ते पटणार नाही. म्हणून कलम चार खोडत नाही, पण एवढं जोडतो: माझ्यामागं वर्षभर थोरल्याला काउंटरवर ठेवावं. तेव्हा माळ्यावर मी नाही, हे त्याला पक्कं माहीत असेल. त्या वर्षात तो गिऱ्हाइकांना काय सांगतो ते लेकीनं ऐकावं, आणि तिला पटलं तर निम्मं दुकान त्याच्या नावावर करावं. मला ते कळणार नाही.

वरचा मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सही केली. मग त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

सही: दुकानदार
साक्षीदार १: टॅक्सीचालक, कलम तीनमधला
साक्षीदार २: शेजारचे घड्याळदुरुस्तीवाले
ठिकाण: दुकानाचा माळा
दिनांक: १४ ऑक्टोबर, दुपारी साडेचार