उंद्रीची सोयरीक आणि तुझी निळी गाडी

प्रिय ताई,

तुझ्या नवऱ्याची उंद्रीची सोयरीक काल मोडली. मी मोडली. आई सकाळपासून माझ्याशी एक शब्द बोललेली नाही, पण न मागता चहा आणून ठेवला तिने, आणि साखर नेहमीपेक्षा जास्त. हे सगळं कुणाला तरी सांगायलाच हवं, म्हणून तुला लिहायला बसले.

तुला आवडलं नसतं, ठाऊक आहे मला. तू म्हणाली असतीस, "जाऊ दे वं, सोडून दे." किती सोडून दिलंस तू, ताई? आधी गाडी, मग नोकरी.

ती निळी इलेक्ट्रिक मोटरसायकल तू जुनीच घेतली होतीस. लसींचा डबा मागे बांधून उपकेंद्राची सगळी गावं फिरायचीस. गाडीचा आवाज नाही, त्यामुळे नर्सबाई एकदम दारात उभी, आणि बाया दचकायच्या. हे सांगताना किती हसायचीस तू!

तुझ्या नवऱ्याला मात्र हसू येत नव्हतं. इतकं कुठं फिरते, कोणाकोणाच्या घरात जाते, एवढंच त्याला दिसायचं. मग एक दिवस चार्जर नाहीसा झाला. तो म्हणाला, जळला, फेकून दिला, गाडी बनवणारी कंपनीही बंद पडली, आता नवा मिळत नाही. गाडी गोठ्यात गेली आणि तिच्यावर कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा ढीग आला. तू मला फोन करून विचारलंस, दुसरा चार्जर चालेल का गं? मी म्हटलं, गाडी मलकापूरला आण, आमच्या दुकानात ई-रिक्षांच्या बॅटऱ्या रोजच येतात, बघते. त्यावर तू नुसतं "पाहू" म्हणालीस. तो आणू देत नाही, हे काऊन सांगितलं नाहीस मला? आणि तो जळाल्याचं सांगत होता, ते तुला तरी खरं वाटलं होतं का?

गाडीविना गावं फिरणं जमेना, तू नोकरी सोडलीस. मग तो ताप. सकाळी तुझी शुद्ध हरपत होती आणि हा माणूस एस्टीची वाट बघत बसला. शेजाऱ्याची जीप दारात उभी होती, पण शेजाऱ्याला हाक मारावीशी याला वाटली नाही. मोताळ्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत दुपार झाली. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

तू गेल्यावर, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तो सगळ्यांसमोर रडला. "गाडी बंद पडली होती हो. चालू असती तं मीच नेलं असतं तिले." मामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मीही ते खरं धरून चालले. बंद गाडीला कोण काय करणार?

उन्हाळ्यात त्याचा फोन आला. गोठा रिकामा करायचाय, तुमच्या पोरीचं भंगार घेऊन जा, असं आईला म्हणाला. मी मालवाहू रिक्षा घेऊन गेले. गाडी वर चढवायला त्यानेच हात लावला. मग घरात गेला, पेटीचं कुलूप काढल्याचा आवाज आला आणि तो चार्जर घेऊन बाहेर आला. वायर नीट गुंडाळलेली, कुठे डाग नाही. "हे बी घेऊन जा, याच्याबिगर काय कामाची ते," म्हणाला.

चार्जर जळला असं स्वतःच सांगितलं होतं, हेच तो विसरला होता, ताई. मी चार्जर हातात घेतला. काही बोलले नाही. बोलले असते तर तिथेच संपलं असतं, आणि मला ते इतक्या स्वस्तात संपवायचं नव्हतं.

दुकानात सगळे म्हणाले, इतके महिने उपाशी राहिलेली बॅटरी पुन्हा उठत नाही. चार्जर लावला तर हिरवा दिवा लागायचा, जसं काही पोट भरलंय. खरं तर ती इतकी खाली गेली होती की आतलं संरक्षणाचं सर्किट चार्जरला ओळखच देत नव्हतं. गाडीत बॅटरीचे दोन पॅक होते, ते दोन्ही मी अंगणात, घरापासून लांब उघडले. शेजारी रेतीची बादली. एका पॅकमधले सेल फुगले होते, काही अगदी शून्यावर. तो बाजूला टाकला. तसले सेल जबरदस्तीने भरले तर पेट घेतात. दुसऱ्यातल्या सेलमध्ये मात्र जीव होता. सर्किट वगळून त्यांना अगदी थोडा थोडा करंट दिला, आजाऱ्याला चमच्याने पेज भरवावी तसा. सारखा हात लावून बघायचे, तापतोय का. थोडं वर आले की थांबायचं, मीटर लावायचा, उतरतात का बघायचं. उतरले नाहीत. मग तुझा तो न जळलेला चार्जर लावला आणि लाल दिवा लागला. आई दारात उभी होती. ती पुढे आली आणि त्या दिव्यापाशी येऊन बसली.

म्हणजे तुझी गाडी कधी बिघडलीच नव्हती. तिला उपाशी ठेवलं होतं.

त्याच आठवड्यात कळलं, उंद्रीच्या एका मुलीशी त्याचं ठरतंय. वैशाली तिचं नाव, खासगी शाळेत शिकवते. मी गाडी काढली. एका पॅकवर जेमतेम राजूर घाट चढली, बुलढाण्यात मावशीकडे चार्जिंगला लावली, जेवले, मग पुढे. उंद्रीत तिचे वडील ओसरीवर बसले होते. त्यांनी पाणी दिलं, सगळं ऐकलं आणि म्हणाले, माणूस गेल्यावर लोक काहीही बोलतात. वैशाली दारात उभी होती. तिने एकच विचारलं. "चार्जर कोठून काढला त्यायनं?"

"पेटीतून. कुलपातून."

ती आत गेली, ती मी निघेपर्यंत बाहेर आली नाही. काल निरोप आला, मुलगी नाही म्हणते.

आणि संध्याकाळी तो आला. अंगणातूनच म्हणाला, "तुनं माया संसार मोडला."

"तुमचा संसार ताईसंग होता," मी म्हटलं.

त्याचं लक्ष गाडीकडे गेलं. चार्जरचा लाल दिवा लागलेला होता. "हे चालू कशी झाली?"

"बंद कवा होती?"

तो खाली मान घालून गेला. मला त्याची दया येईल असं वाटलं होतं. आली नाही. तुझी शपथ, उलट बरं वाटलं, आणि अजून वाटतंय.

तू माफ केलं असशील त्याला, तो तुझा स्वभाव. माझ्याकडून ते मागू नकोस. दुसरा पॅकही मी नव्याने बांधतेय, म्हणजे वाटेत थांबावं लागणार नाही. तो नांदुऱ्याला मुलगी बघू दे, मेहकरला बघू दे, जिल्ह्याच्या बाहेर जाऊ दे. कांदेपोह्यांच्या आधी मी त्या दारात उभी असेन, आणि मी आल्याचा आवाजही येणार नाही.

तुझीच धाकटी,
सुमेधा