वेशीबाहेरचं घर

॥ श्री ॥

लिंकन,
३ ऑक्टोबर २००६

ती. सुचेताताईस वरदाचा सा. न., ती. अण्णांना शिरसाष्टांग. वि. वि.

काल दसऱ्याला फोनवर आपण बोललो त्यातलं निम्मं अण्णांनी रिसीव्हर ओढून घेतल्यामुळे हवेत गेलं. त्यांना फोनवर धड ऐकू येत नाही आणि ते शेजारी असले की तुला धड बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. शिवाय सोनं पोस्टाने पाठवायचंच होतं. सोबत दोन पिवळी पानं आहेत. आपटा इथे कुठला मिळणार? चर्चच्या आवारातल्या एका झाडाची ही बदामी आकाराची पानं. झाडाचं नाव मला माहीत नाही. तू त्यांना सोनंच म्हण.

अण्णांनी मागे विचारलं होतं की तुमच्या गावाला वेस आहे का. आहे, आणि चांगली शाबूत आहे. रोमन लोकांनी बांधलेली, सतरा-अठराशे वर्षांपूर्वीची. मधे मोठी कमान, बाजूला पायी जाणाऱ्यांसाठी एक धाकटी. मोठीतून अजून गाड्या जातात, आपल्या माळीवाडा वेशीतून जातात तशाच, फक्त हॉर्न न वाजवता. कधीतरी एखादी उंच लॉरी वर आदळली होती म्हणे, तरी ती उभी आहे. आमचं भाड्याचं घर तिथून चालत पाच मिनिटांवर. तेव्हा मी, निधी, आणि आमच्या वॉर्डातली डॉक्टर मीनाक्षी नि तिचा नवरा रवी असे आम्ही ड्यूटी संपल्यावर सीमोल्लंघनाला निघालो. रविवारी केलं असतं तर अवधूतही असता, पण दसरा काही त्याच्या मेडनहेडच्या ऑफिसला विचारून येत नाही. तो शुक्रवारी उशिरा येतो, शनिवारभर झोपतो आणि रविवारी परत जायची बॅग भरतो.

कमानीखालून गेलो, पलीकडे पानं वाटली, कॅथेड्रलपर्यंत चालत जाऊन आलो. निधीने विचारलं की रोमन लोक हे सगळं टाकून का गेले. मी सांगितलं की त्यांची बदली झाली. तिला ते पटलं, कारण तिच्या वर्गातल्या दोन मुली तशाच गेल्यात. घरी आल्यावर मी बूट काढायच्या आधी सोफ्यावर बसले ती तिथेच झोपले. हल्ली असंच होतं.

आता मुद्द्याचं. तुझ्या ऑपरेशनसाठी डिसेंबरात येणं मला जमेलसं दिसत नाही. कायम राहण्याच्या अर्जासोबत आम्हा तिघांचे पासपोर्ट होम ऑफिसला गेलेत. निकाल लागेपर्यंत ते येणार नाहीत, आणि निकाल कधी लागेल ते कुणी सांगत नाही. मी रजा मागू शकते, पण समुद्र कशाने ओलांडू? तू महिनाभर अण्णांसाठी रात्रंदिवसाची बाई ठेव. खर्च माझ्याकडे.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो थकू देऊ नकोस.

तुझी,
वरदा

*

॥ श्री ॥

माळीवाडा, अहमदनगर,
१६ ऑक्टोबर २००६

चि. सौ. वरदास अनेक आशीर्वाद. चि. निधीला गोड पापा, अवधूतरावांना नमस्कार.

तुझं सोनं पोचलं. एका पानाचा प्रवासात चुरा झाला, ते मी घेतलं. धड होतं ते अण्णांच्या उशीखाली आहे.

पत्र अण्णांना दोनदा वाचून दाखवलं. वेशीचा भाग तिसऱ्यांदा वाचायला लावला आणि मग पाटी मागितली. अर्धांगवायू झाल्यापासून त्यांचं बोलणं मला कळतं, पण नकाशा तोंडाने काढता येत नाही ना. मोजणी खात्यात जन्म गेलेला माणूस. डाव्या हाताने त्यांनी वेस काढली, आत कॅथेड्रल काढलं, आणि तुझं घर कुठल्या अंगाला ते विचारलं. तू लिहिलंयस की घरून निघून कमानीखालून गेलात नि पुढे कॅथेड्रल लागलं. म्हणजे घर वेशीबाहेर. म्हणजे वरदाबाई, तुम्ही चार शिकलेली माणसं नटूनथटून सीमोल्लंघनाला निघालात आणि गावात शिरलात. अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांच्या चेहऱ्याची एकच बाजू हसते, पण मार्चपासून तीही हसली नव्हती. एवढ्यासाठी तुझे आभार.

मग गंभीर होऊन ते जे म्हणाले ते तुला लिहायची आज्ञा आहे. नुसतं बाहेर पडलं की सीमोल्लंघन पुरं होत नाही. परत आल्यावर दारात औक्षण झालं की पुरं. आठवतं ना, अण्णांबरोबर वेशीबाहेर जाऊन आपण पानं घेऊन यायचो आणि आई उंबऱ्यात ताट घेऊन उभी असायची? तू विलायतेला निघालीस तेव्हा विमानतळावर न येता अण्णांनी तुला वेशीपर्यंतच पोचवलं. त्यांच्या हिशेबी तुझं जाणं अजून अर्धंच झालंय. त्यांच्या आजारपणात तू आठ दिवस आलीस ते त्यांनी धरलेलं नाही. तेव्हा ते दवाखान्यात होते आणि तू तिथूनच परत गेलीस.

आता माझं. पिशवी काढावीच लागेल. डॉक्टरीणबाईंनी ११ डिसेंबर दिलाय आणि आता पुढे ढकलाल तर माझ्याकडे येऊ नका म्हणाल्या. त्यानंतर सहा आठवडे वजन उचलायचं नाही. अण्णांना दिवसातून किती वेळा उचलावं लागतं ते तू डॉक्टर आहेस, तुला सांगायला नको. हे नाशिकहून शनिवारी येतात नि सोमवारी पहाटे जातात. तू मेडनहेड लिहिलंस तेव्हा मला हसू आलं. एका आईच्या पोटच्या आपण, दोघींनाही नवरे शनिवार-रविवारचेच मिळाले.

एक विनंती. बाई ठेव असं पुन्हा लिहू नकोस. दोन ठेवल्या, दोन्ही गेल्या. अण्णा बाईच्या हातून अंघोळ घालून घेत नाहीत, तोंड फिरवून रडतात. मला त्यांचा राग येतो, मग रागाचा राग येतो. तू ये असं मी म्हणत नाही. तुझे पासपोर्ट अडकलेत हे मला कळतं. फक्त खर्चाचं तेवढं लिहू नकोस, ते वाचलं की मला फार दमल्यासारखं होतं.

चकल्या करते आहे. यंदाच्या बिघडल्या तरी तुला कळणार नाहीत. माझी आठवण ताजी ठेव म्हणजे झालं.

तुझी,
ताई

*

॥ श्री ॥

लिंकन,
६ नोव्हेंबर २००६

ती. सुचेताताईस वरदाचा सा. न. वि. वि.

हे पत्र अण्णांना वाचून दाखवू नकोस. रविवारी फोनवरही मी यातलं काही बोलणार नाही.

खर्चाचं लिहिलं, चुकलं. पुन्हा लिहिणार नाही.

तुझं पत्र आलं त्या शनिवारी निधीला घेऊन पुन्हा वेशीवर गेले. अण्णा म्हणतात ते खरं आहे की नाही ते पाहायला. खरं आहे. आमची गल्ली, निधीची शाळा, मीनाक्षीचं घर, सगळं बाहेर. चार वर्षं त्या कमानीखालून जातेय आणि आपण कुठल्या बाजूचे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आणखी एक दिसलं. तिथल्या फलकावर लिहिलंय की रस्ता शतकानुशतकं चढत गेला, त्यामुळे वेस खालून बरीच पुरली गेली आहे. आपल्याला दिसते ती तिची वरचीच बाजू. बारीक पाऊस होता. निधीला धाकट्या कमानीतून इकडून तिकडे पळायचं होतं. ती म्हणाली, गेट मोठी आहे पण दमलेली दिसतो. तिचं मराठी असंच आहे, पण मला दुरुस्त करावंसं वाटलं नाही. मी भिंतीला टेकून बसले आणि बराच वेळ उठलेच नाही.

वॉर्डात एक आजोबा होते. मुलगी ऑस्ट्रेलियात. दर संध्याकाळी मी त्यांना पाणी पाजून दोन मिनिटं बसायचे, कारण त्यांचा उजवा हात अण्णांसारखाच पडलेला. गेल्या आठवड्यात ते गेले. मुलगी दोन दिवसांनी पोचली आणि तिने माझे फार आभार मानले. तिच्यापुढे मला उभं राहवेना. तिच्या वडिलांना मी घोट-घोट पाणी पाजलं आणि माझ्या वडिलांना कोण पाजतंय ते मला ठाऊक आहे. त्या पाजणारीची कंबर गेलीय आणि ती मला चकल्यांचं लिहिते.

ताई, मी अर्ज मागे घेतलाय. तिघांचा नाही, माझा नि निधीचा. अर्ज मागे घेतला की पासपोर्ट परत पाठवतात. त्याचा अर्थ वकीलबाईने नीट समजावून सांगितला. आजवरची वर्षं धरली जातीलच असं नाही, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागू शकतं. शिवाय माझं कंत्राट जानेवारीत संपतं आणि मुलाखतीला मी इथे नसेन, तर ही जागा बहुतेक जाईल. नियम बदलल्यापासून बाहेरच्या डॉक्टरांना दुसरी मिळणं कठीण झालंय. अवधूत दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मेडनहेडहून फोन करून म्हणाला की त्याला माझा राग आलेला नाही, त्याला भीती वाटतेय, आणि मी जावं. मलाही भीती वाटते. पण थकवा भीतीपेक्षा मोठा झालाय.

पासपोर्ट हातात पडेपर्यंत अण्णांना काही सांगू नकोस. आशा लावून मोडली असं नको. ११ तारीख पक्की ठेव. अण्णांची अंघोळ माझ्याकडे.

तुझ्या मायेवर विसंबून,
वरदा

*

॥ श्री ॥

अहमदनगर,
९ नोव्हेंबर २००६

चि. सौ. वरदास अनेक आशीर्वाद.

तुझ्या उत्तराची वाट न पाहता लिहिते आहे, कारण चांगली बातमी आहे आणि आमचा फोन बंद पडलाय. ह्यांना महिन्याची रजा मंजूर झाली. शिवाय श्रीरामपूरच्या शशीकाकू येऊन राहणार आहेत. अण्णा ह्यांच्या हातून अंघोळ करून घ्यायला कबूल झालेत, जावई असल्यामुळे आधी संकोचले, पण झाले कबूल. तेव्हा ११ तारखेची सगळी सोय झाली आहे. तू आता जिवाला लावून घेऊ नकोस आणि पासपोर्टसाठी कुठे काही वेडंवाकडं करू नकोस. एवढी वर्षं काढलीस, आता टोकाला आल्यावर हातचं घालवू नकोस. मी हे रुसून लिहीत नाही, मनापासून लिहिते आहे.

अण्णांनाही काल स्पष्ट सांगून टाकलं की वरदा येणार नाही. सांगावं लागलं, कारण त्यांचं वेगळंच काही चाललं होतं.

तुझं दसऱ्याचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या चहानंतर ते माझ्याकडे औक्षणाचं ताट मागत होते. आईचं, पितळेचं. मला वाटलं डाव्या हाताचा व्यायाम करतायत. व्यायाम शिकवायला येतात त्या बाईंनाही मी कौतुकाने सांगितलं. रिकामं ताट उचलायचं, हवेत ओवाळायचं, खाली ठेवायचं. मग त्यात सुपारी मागितली, मग न पेटवलेलं निरांजन. ताट कलायचं, सुपारी पलंगाखाली जायची, आणि ती मी वाकून काढायची. कमरेत कळ आली की मी चिडायचे. परवा अशीच चिडले आणि विचारलं की हे कुणासाठी चाललंय, घरात ओवाळायला बायका मेल्यात का. तर त्यांनी पाटीवर तुझं नाव लिहिलं. माझ्या ऑपरेशनला तू येणारच असं त्यांनी आपल्या मनाशी धरलं होतं. उंबऱ्यात आई नाही, मी दवाखान्यात असेन, तेव्हा तुला ओवाळायचं काम त्यांचंच, असा त्यांचा हिशेब.

म्हणून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. थोड्या वेळाने ताटाकडे बोट केलं आणि वर ठेव म्हणाले. मी ते वरच्या फळीवर, मोठ्या पातेल्यांच्या मागे ठेवून दिलंय. आज चहानंतर ते भिंतीकडे तोंड करून पडून होते.

हे तुला लिहायचं नव्हतं. पण दमलेल्या माणसाला काय लिहावं नि काय नको ते निवडता येत नाही. वाच आणि विसरून जा. निकाल लागला की सवडीने ये, आम्ही कुठे जात नाही.

निधीला इथली थंडी पडू लागल्याचं सांग. आहेस तिथे सुखी राहा, म्हणजे मला पोचतं.

तुझी,
ताई

*

॥ श्री ॥

लिंकन,
२२ नोव्हेंबर २००६

ती. सुचेताताईस वरदाचा सा. न. वि. वि.

एव्हाना माझं पत्र तुला मिळालं असेल आणि तू कपाळाला हात लावून बसली असशील. तुझं पत्र आणि दोन पासपोर्ट आज सकाळी एकाच वेळी दारातल्या पायपुसण्यावर पडले. मी आधी तुझं फोडलं.

अवधूतला फोनवर वाचून दाखवलं. भाऊजींच्या रजेचं ऐकून त्याने अगदी हळू आवाजात विचारलं की मग आता जायची गरज उरली का. वकीलबाईकडे पुन्हा जाता येईल, मुलाखतीलाही थांबता येईल. त्याचं काही चुकलं नव्हतं. मीही तोच विचार करत होते. मग ताटाचा भाग वाचला. संध्याकाळी त्यानेच तिकिटं काढली आणि मला कळवलं.

९ डिसेंबर, शनिवार. मुंबईहून गाडी करून दुपारपर्यंत नगर. मी तुझ्या ऑपरेशनसाठी येत नाहीये, त्याची सोय झालेली आहे. भाऊजींना म्हणावं, अंघोळ तरी माझ्याकडे द्या. परत इथे येईन की नाही, आले तर कशी येईन, ते मला आज माहीत नाही. माहीत नसलं तरी आज दुपारी मी चार तास झोपले, निधीने पांघरूण घातलेलंही कळलं नाही.

गाडी माळीवाडा वेशीपाशीच सोडणार आहे. तिथून निधीला घेऊन चालत येईन. तिला बाहेरून आत कसं यायचं ते एकदा नीट दाखवायचंय. वेळ लागला तर काळजी करू नकोस.

आता हे अण्णांना वाचून दाखव. आणि ताई, तू वाकू नकोस, स्टुलावर चढू नकोस, भाऊजींना सांग. पातेल्यांच्या मागून ते ताट आजच खाली काढा. सरावाला त्यांच्याकडे थोडेच दिवस आहेत.

येतेच आहे, बाकी सगळं समोरासमोर.

तुझी,
वरदा