फोटोत हलायचं नाही

४ ऑक्टोबर २००४, श्रूजबरी, इंग्लंड
प्रतिमा, आई कुठल्या गावाला गेली हे तू एव्हाना विसरली असशील. गॅसवर दूध ठेवून बाजाराला जाणारी तू. म्हणून रोजची हकीकत लिहवून घेते, महिनाअखेर धाडीन. मला अक्षर येत नाही, लिहिते तुझी वहिनी आसावरी. तिची तक्रार तिलाच लिहावी लागते, ही गंमत वेगळीच. गिरीशचं घर जुनं, पण देखणं. पूर्वी इथे फोटोवाला राहायचा. माळ्यावर त्याचा पेटीसारखा कॅमेरा, काळं कापड, कोरीव खुर्ची आणि एक लोखंडी स्टँड सापडला. गिरीश म्हणाला, तेव्हा फोटोला वेळ लागायचा, माणूस हलू नये म्हणून या स्टँडचा चिमटा मागून मानेला लावत. शेतावरचे गडीसुद्धा भाड्याचा कोट चढवून सावकार होऊन बसत. मी पोट धरून हसले.

९ ऑक्टोबर
मलाही हुक्की आली. भावकीत धाडायला फोटो हवा: पैठणी नेसून मी खुर्चीत, सून मागे उभी, डोक्यावर पदर, हात माझ्या खांद्यावर. आसावरी म्हणाली, आई, ऑफिसात मी अख्खी टीम सांभाळते, मला मागे काय उभी करता? म्हटलं, घरातली टीम माझी. गिरीश त्या जुन्या कॅमेऱ्यामागे. आसावरीची मान फार हलते, म्हणून चिमट्याचा स्क्रू मीच आवळला. चांगला आवळला.

१२ ऑक्टोबर
फोटो आला. आसावरी लख्ख, खानदानी. खुर्चीत मात्र नुसता धूर. मी हललेच नव्हते!
स्टँड माळ्यावर गेला, तरी हिची मान वळत नाही. डॉक्टर म्हणे आखडली. म्हटलं, बरं झालं, नाही म्हणायची सोय गेली. ती हसली नाही. गाल हलत नाहीत, असं ओठांतल्या ओठांत म्हणाली.

१५ ऑक्टोबर
सून दिसते आणि सासू नाही, लोक काय म्हणतील? गिरीशला पुन्हा फोटो काढायला लावला. या वेळी चिमटा त्याने मला लावला. आई, आता नाही हलणार तू, म्हणाला. लाडाने आवळला.

१६ ऑक्टोबर
चिमटा काढला म्हणतो. मग मानेला गार काय लागतंय — उठता येत नाही. आसावरीचा डावा हात माझ्या खांद्यावरून निघत नाही. उजव्याने लिहितेय, खुर्चीच्या पाठीवर कागद धरून. तिचा श्वास ऐकू —

१७ ऑक्टोबर
गिरीश कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली गेला तो बाहेर येईना — आतून सांगतो, हलू नका, आई अजून पुसट —
जबडा धरत चाललाय. प्रतिमा, खाऊ धाड. चकली नको, लाडू नको. नाचणीचं पीठ, वस्त्रगाळ कर, पेज दातांच्या फटीतून जाईल इतकं —